मुंगीचे नाव, मुंगीचे गाव

अनोळखी माणूस ओट्यावर येऊन टेकला, की आपण आधी त्याला पाण्याचा तांब्या देतो आणि मग दोन प्रश्न विचारतो : नाव काय, आणि गाव कोणते? एवढी उत्तरे मिळाली की पुढची नाती आपोआप निघतात. अमक्यांचे तुम्ही कोण, तमक्यांचे चुलत घराणे ते तुमचेच काय, कुलदैवत कोणते, असे करता करता पाहुणा घरचा होऊन जातो. आपली ही फार जुनी रीत आहे. परंतु एक पाहुणी अशी आहे की ती रोज घरात येते, विचारल्यावाचून फराळाच्या डब्यात शिरते, आणि तिला मात्र हे दोन प्रश्न कोणी विचारीत नाही. "अग बाई, मुंग्या झाल्या!" असे म्हणून गृहिणी डबा परातीत पाणी घालून त्यात ठेवते आणि तेवढ्यावर विषय संपतो.

मी मराठी शिकवतो. मुंगीशी माझा संबंध यावयाचा तो संतवाङ्मयातून. मुक्ताबाईंच्या कूट अभंगातली मुंगी दर वर्षी एकदा वर्गात उडवावी लागते, आणि दर वर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतो, "सर, मुंग्या खरेच उडतात का?" हा प्रश्न घेऊन मी आमच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या एका मित्राकडे गेलो. त्याने उत्तर देण्याऐवजी उलट विचारले, "कोणती मुंगी?" भाषेचा माणूस असूनही त्या प्रश्नापुढे मला गप्प बसावे लागले, कारण आपल्या भाषेत मुंगी, मुंगळा, डोंगळा, कोकणातली ओंबील असे चार शब्द असले, तरी घरातल्या बारीक मुंग्यांचे आपले वर्गीकरण दोन रंगांत आटोपते : काळी ती गरीब, तांबडी ती चावरी.

जगात मुंग्यांच्या चौदा हजारांवर जातींना शास्त्रज्ञांनी नावे दिलेली आहेत. भारतातील मुंग्यांची जी यादी २०१६ साली प्रसिद्ध झाली, तीत जाती आणि पोटजाती मिळून ८२८ नावे आहेत. म्हणजे "मुंगी" म्हणणे हे "माणूस" म्हणण्याइतकेच मोघम झाले. तेव्हा या लेखात आपण एकाच मुंगीला धरू या. ती आपल्या प्रत्येकाच्या परिचयाची आहे. तिला नाव-गाव विचारता विचारता सेनेगाल, पॅरिस आणि सिंहलद्वीप असा प्रवास घडेल, आणि शेवटी आमच्या जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागेत आपण येऊन पोहोचू.

वेडी मुंगी

ही मुंगी काळपट करडी, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरांची, आणि कमालीची घायकुतीला आलेली असते. इतर मुंग्या कशा शाळेतल्या मुलांसारख्या रांगेने जातात. ही मात्र डावीकडे चार पावले धावते, गर्रकन उजवीकडे वळते, पुन्हा मागे फिरते, आणि एवढ्या धावपळीतून लाडवाच्या कणापर्यंत बरोबर पोहोचते. इंग्रजी बोलणारे लोक तिला "क्रेझी अँट" म्हणतात. आपणही तिला वेडी मुंगी म्हणू. पण चाल पाहून नाव सांगणे हे चोराला सावलीवरून ओळखण्यासारखे आहे. शास्त्राला पुरावा लागतो.

दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग चष्म्याच्या किंवा शालेय साहित्याच्या दुकानात मिळते. ते, एक पांढरा कागद आणि निपचित पडलेली एक मुंगी, एवढे साहित्य पुरे. ओळख पटवण्याच्या या पद्धतीला शास्त्रज्ञ "किल्ली" म्हणतात. एका वेळी एकच प्रश्न विचारायचा, उत्तराप्रमाणे पुढच्या दाराशी जायचे, आणि दारे उघडत उघडत शेवटच्या खोलीत पोहोचायचे.

पहिला प्रश्न : कंबर आहे का? वाळवीला आपण पांढरी मुंगी म्हणतो खरे, पण तिला कंबर नसते आणि मुंगीशी तिचे नातेही नाही. ती झुरळांच्या कुळातली. खऱ्या मुंगीची कंबर सुईच्या अग्राएवढी बारीक असते.

दुसरा प्रश्न : त्या कंबरेत गाठी किती, एक की दोन? दोन असतील तर घराणे वेगळे. आपल्या वेड्या मुंगीला एकच गाठ असते.

तिसरा प्रश्न : शेपटाच्या टोकाशी काय आहे? कित्येक मुंग्यांना नांगी असते. वेड्या मुंगीला ती नाही. तिच्या पोटाच्या टोकाशी एक बारीक गोल छिद्र असून त्याभोवती केसांची झालर असते. त्यातून ती फॉर्मिक आम्लाचा फवारा सोडते. आपल्या परिचयाचा मोठा काळा डोंगळा याच घराण्यातला. १७८७ साली फाब्रिसियस या डॅनिश पंडिताने त्याचे शास्त्रीय बारसे केले. म्हणजे वेडी मुंगी ही डोंगळ्याची लांबची धाकटी बहीण.

चौथा प्रश्न, आणि हाच निर्णायक : मिशा केवढ्या? मुंगीच्या मिशांना शास्त्रात शृंगिका म्हणतात. त्या हाताच्या कोपरासारख्या वाकलेल्या असतात. डोक्याकडून एक लांब दांडा निघतो आणि त्याच्या टोकाला लहान लहान मणी ओवलेले असतात. वेड्या मुंगीचे मणी अकरा, दांडा धरून बारा. तो दांडा इतका लांब, की मागे वळवला तर निम्म्याहून अधिक डोक्याच्या मागच्या कडेपलीकडे जातो. पायही असेच लांब. अंगावर पांढुरके राठ केस तुरळक उभे असतात, आणि उजेडात धरली तर काळ्या अंगावर निळसर झाक दिसते. एवढे सगळे जुळले की खुशाल नाव घ्यावे : पॅराट्रेकिना लाँजिकॉर्निस.

एका मुंगीची चार बारशी

शास्त्रीय नाव हे आमच्या महाविद्यालयाच्या हजेरीपटासारखे असते : आडनाव आधी, नाव मागून. लाँजिकॉर्निस हे तिचे नाव. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ "लांब शिंगांची". शिंगे म्हणजे अर्थात त्या मिशा. हे नाव १८०२ साली पियेर आंद्रे लात्रेय या फ्रेंच माणसाने मुंग्यांवरील आपल्या ग्रंथात दिले, आणि त्याच्यासमोरची मुंगी आली होती पश्चिम आफ्रिकेतील सेनेगालहून.

लात्रेयची हकीकत कादंबरीत शोभावी अशी आहे. तो धर्मोपदेशक होता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत नव्या राजवटीची शपथ न घेतल्याबद्दल त्याला पकडून बोर्दोच्या तुरुंगात टाकले. बंदिवानांची प्रकृती पाहावयास आलेल्या डॉक्टरला हा कैदी जमिनीवरच्या एका भुंग्याकडे टक लावून बसलेला दिसला. विचारता तो म्हणाला, हा भुंगा दुर्मिळ आहे. डॉक्टरने तो भुंगा बोरी द सँ-व्हँसाँ या आपल्या ओळखीच्या, निसर्गाचा नाद असलेल्या किशोरवयीन मुलाकडे पाठवला. त्या मुलाला लात्रेयचे नाव ठाऊक होते. त्याच्या घरच्यांनी खटपट केली आणि लात्रेय सुटला. त्याच्याबरोबरच्या कैद्यांच्या नशिबी ही सुटका नव्हती. ते प्राणास मुकले. तांबड्या मानेचा तो भुंगा नेक्रोबिया रुफिकॉलिस या नावाने ओळखला जातो. किड्याचे नाव ठाऊक असल्यामुळे माणसाचा जीव वाचल्याचे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही. आणि तो वाचला म्हणूनच पुढे आपल्या मुंगीचे पहिले बारसे झाले.

दुसरे बारसे आपल्याकडचे. एकोणिसाव्या शतकात जालन्यास मद्रास सैन्याची छावणी होती. १८३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथील घोडदळाच्या पलटणीबरोबर टॉमस जर्डन नावाचा एक तरुण लष्करी डॉक्टर राहावयास आला आणि काही वर्षे येथे राहिला. भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथामुळे त्याचे नाव पुढे अजरामर झाले, पण त्याची नजर आकाशाइतकीच जमिनीवरही असे. दक्षिण हिंदुस्थानातील मुंग्यांची त्याने केलेली यादी १८५१ साली मद्रासच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तीत एका चपळ मुंगीला त्याने नाव दिले फॉर्मिका व्हॅगन्स. व्हॅगन्स म्हणजे भटकी. ही भटकी म्हणजेच सेनेगालची लांबशिंगी, हे पुढे ताडून पाहणाऱ्यांच्या ध्यानात आले.

तिसरे बारसे १८५६ साली. फिनलंडचा विल्यम नायलँडर हा पंडित पॅरिसमध्ये असता काचघरातल्या उष्ण कटिबंधीय झाडांबरोबर आलेल्या मुंग्या त्याला आढळल्या. त्याने नाव ठेवले ग्रॅसिलेसेन्स, म्हणजे सडपातळ. चौथे बारसे १८६३ साली रशियाच्या मोचुल्स्कीने केले. त्याची मुंगी सिंहलद्वीपातली, आणि नाव करेन्स, म्हणजे धावणारी.

लांब शिंगांची, भटकी, सडपातळ, धावणारी! चौघांनी चार देशांत एकच मुंगी पाहिली, आणि चौघांच्याही नजरेत तिचा एकेक खरा गुण भरला. एखाद्या कवीने तिला चार विशेषणे लावायची म्हटली, तरी याहून नेमकी सुचली नसती. पण एका जीवाला चार नावे ठेवून शास्त्राचा कारभार चालत नाही. तेथे नियम असा, की ज्याने प्रथम नाव छापले त्याचे नाव टिकते. त्यामुळे लात्रेयचे लाँजिकॉर्निस राहिले आणि बाकीची तीन नावे दप्तरात जमा झाली. जालन्याच्या डॉक्टरने दिलेले नावही त्यांतच गेले. मोचुल्स्कीचे मात्र एक राहिले. त्याने त्या मुंगीसाठी जे नवे आडनाव निर्माण केले होते, पॅराट्रेकिना, ते आज तिचे आडनाव आहे. मुलीचे आडनाव लग्नानंतर बदलावे तशी हिची आडनावेही बदलत गेली. आधी फॉर्मिका, मग प्रेनोलेपिस आणि शेवटी पॅराट्रेकिना. नाव तेवढे तेच राहिले.

पुण्याहून झुरिकला

महाराष्ट्रातील मुंग्यांची शास्त्रीय दप्तरात नोंद करण्याचे काम पुण्यात सुरू झाले. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी कर्नल साइक्स याने दख्खनच्या काही मुंग्यांची वर्णने १८३५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केली. त्याने दोन मजेदार गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. पुण्याच्या परेडच्या मैदानाजवळ मुंग्यांनी गवताचे बी पावसात भिजल्यावर वाळवण घालावे तसे बाहेर आणून पसरलेले त्याने पाहिले. मुंग्या धान्य साठवतात ही कल्पना युरोपातील कित्येक विद्वान तोपर्यंत भाकडकथा समजत, कारण त्यांच्या थंड देशांतील मुंग्या तसे करीत नसत. दुसरी गोष्ट त्याच्या घरातली. मिठाईच्या मेजाचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवले तरी मुंग्या पाणी ओलांडून येत. पुढे पायांना टर्पेंटाइन फासले, तेव्हा त्या भिंतीवर चढल्या आणि वरून थेट मिठाईवर उड्या टाकू लागल्या. आपल्या परातीच्या युक्तीचा पराभव असा दोनशे वर्षांपूर्वीच नोंदला गेलेला आहे.

साइक्सनंतर मुंबई इलाख्याच्या जंगल खात्यातील रॉबर्ट राउटन याने मुंग्या गोळा करण्याचा ध्यास घेतला. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात १८९२ साली त्याची "आमच्या मुंग्या" या अर्थाची लेखमाला आली. ओळख पटवण्यासाठी तो नमुने पाठवीत असे स्वित्झर्लंडला, ऑग्युस्त फोरेल यांच्याकडे. फोरेल हे व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ, झुरिकच्या मोठ्या मनोरुग्णालयाचे प्रमुख, आणि अंतःकरणाने मुंग्यांचे भक्त. वेड्या मुंगीचा अभ्यास वेड्यांच्या डॉक्टरने करावा, हा योग पाहून कोणासही हसू येईल. त्यांच्या देशाने मात्र त्यांची कदर केली. १९७८ साली निघालेल्या हजार फ्रँकांच्या स्विस नोटेवर एका बाजूस फोरेल होते आणि दुसऱ्या बाजूस मुंग्या.

भाऊबंद सापडले

नाव झाले. आता गाव.

पहिला नमुना सेनेगालचा, म्हणून ती सेनेगालची, असे म्हणणे सोपे होते. पण हा पुरावा कच्चा आहे. एखाद्या माणसाचा फोटो प्रथम मुंबईच्या स्टेशनात निघाला म्हणून तो मुंबईचा ठरत नाही. आणि ही मुंगी तर सगळीकडेच सापडत होती : भारत, ब्रह्मदेश, पॅसिफिकमधील बेटे, अमेरिका, एवढेच काय तर थंड युरोपातील ऊबदार इमारतीसुद्धा. तिचे मूळ आग्नेय आशियात असावे असे मानणारे शास्त्रज्ञही होते.

येथे शास्त्रज्ञांनी आपलीच जुनी रीत वापरली. गाव कळत नसेल तर भाऊबंद शोधा. जेथे सख्खे-चुलत एकत्र नांदतात, तेथेच मूळ वाडा असणार. पण २०१० साली गंमत अशी झाली, की या घराण्याची आनुवंशिक तपासणी करता पॅराट्रेकिना आडनाव लावणाऱ्या इतर सगळ्या मुंग्या परक्या ठरल्या. त्यांतल्या बहुतेकींना दुसरे आडनाव मिळाले, आणि ते नायलँडर यांच्या नावावरून पडलेले, नायलँडेरिया. वेडी मुंगी आपल्या आडनावाची जगात एकटी उरली. लक्षावधी घरांत वावरणारी ही बाई कागदोपत्री निराधार झाली म्हणा ना!

हा एकटेपणा फार दिवस टिकला नाही. २०१३ साली टांझानिया आणि मोझांबिकच्या रानांतून एका नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध झाले. तिचे नाव झँजेन्सिस; पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याला अरब लोक पूर्वी "झंज" म्हणत, त्यावरून पडलेले. ही वेड्या मुंगीची जवळची बहीण निघाली. पुढच्याच वर्षी मादागास्करमधून आणखी दोन नव्या जाती पुढे आल्या, आणि काँगोतील एक जुनीच नोंद याच घराण्यात बसवण्यात आली. अशी पाच जणांची बिऱ्हाडे झाली, आणि आपली वेडी मुंगी सोडून बाकीची चारही आफ्रिका आणि मादागास्कर या टापूतली. त्यामुळे हिचेही माहेर आफ्रिकाच असावे, या मताला चांगले बळ आले आहे. सेनेगालचे ते पहिले नाव उगाच पडले नव्हते तर!

मग ही आफ्रिकेची लेक जालन्यात कशी आली? उडत नक्कीच नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. मुंग्यांमध्ये पंख असतात ते फक्त राण्यांना आणि नरांना, तेही काही काळापुरते. या जातीत तर राणी आकाशात उडून जातच नाही. उबदार दमट संध्याकाळी वारुळाच्या तोंडाशीच नरांशी मीलन होते, पंख गळतात, आणि राणी काही कामकऱ्यांना बरोबर घेऊन जवळच नवा संसार थाटते. लांब पल्ल्याचा सारा प्रवास माणसाने घडवला. कुंडीतली माती, लाकडाची पेटी, जहाजाच्या फळ्यांमधली फट, काहीही या मुंगीला घर म्हणून चालते.

शिवाय निसर्गाने तिला एक विलक्षण सोय करून दिली आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले, की या जातीत जन्मणारी नवी राणी ही आईची हुबेहूब प्रत असते, नर हे बापाची हुबेहूब प्रत असतात, आणि आईबाप दोघांचा वारसा येतो तो फक्त कामकऱ्यांना. त्यामुळे एकाच घरट्यातील बहीणभावांचा संसार झाला तरी त्यांच्या कामकरी संततीत रक्तदोष उतरत नाही. एक कुंडी एका बंदरात उतरली तरी तेवढ्यावर वसाहत उभी राहावी, याचे रहस्य हे असावे.

फसवी नावे

मराठवाड्याला आफ्रिका काही परकी नाही. गोरखचिंचेचे जाडजूड खोड आपण पाहतो. ते झाड आफ्रिकेचे. ज्याने १६१० साली खडकी वसवली, तो मलिक अंबर जन्माने हबशी. ती खडकी म्हणजे आमच्या शेजारचे आजचे छत्रपती संभाजीनगर. आणि आमच्या जिल्ह्याचे भूषण जे मोसंबी, भौगोलिक मानांकन मिळालेले फळ, त्याचे नावच मोझांबिकवरून आले असे मानतात.

पण थांबा. मोसंबीचे नाव आफ्रिकेचे असले तरी कूळ आशियाचे आहे. गोड संत्र्याच्या जातकुळीतले हे फळ; त्याचे पूर्वज पपनस आणि मंडारिन संत्रे, आणि त्यांची मूळ भूमी चीन आणि आग्नेय आशियाकडची. म्हणजे आमच्या बागेत नावाने आफ्रिकन असलेले फळ मुळात आशियाई, आणि त्याच्या बुंध्यावर धावणारी, आपण गावठी समजतो ती मुंगी मुळात आफ्रिकन!

मुंग्यांच्या जगात अशी फसवी नावे पुष्कळ आहेत. घरात ती बारीक पिवळसर मुंगी दिसते ना, पुस्तकाच्या पानावरून चालली तर अनुस्वार सरकल्याचा भास व्हावा अशी? तिला म्हणतात फॅरोची मुंगी. १७५८ साली लिनियसने इजिप्तमधील नमुन्यावरून तिचे नाव ठेवले आणि फॅरो राजाच्या गळ्यात तिला बांधली. पुढील अभ्यासकांचा कौल मात्र असा, की तिचे मूळ आशियाच्या उष्ण प्रदेशात असावे. दुसरी एक "सिंगापूरची मुंगी" म्हणून प्रसिद्ध आहे. तिचे पहिले वर्णन दक्षिण भारतातील नमुन्यांवरून आपल्या जर्डन डॉक्टरानेच १८५१ साली केले होते.

ओळखीचे मोल

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. मुंगीचे नाव कळले म्हणून डब्यातला चिवडा थोडाच वाचणार आहे? मलाही हा छंद विद्वानांच्या फावल्या वेळाचा वाटला असता. पण गेल्या वर्षी माझ्या सासूबाई शस्त्रक्रियेसाठी एका रुग्णालयात होत्या, आणि त्यांच्या जखमेच्या पट्टीवर एका सकाळी मुंग्या दिसल्या. तेथे औषधाचा फवारा रोज मारला जात होता. मुंग्या मात्र एका खोलीतून दोन खोल्यांत, दोनांतून चार खोल्यांत पसरत होत्या. मी तीन-चार मुंग्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत घालून मित्राकडे नेल्या. त्याने भिंग लावले : रंग पिवळा, कंबरेत गाठी दोन. फॅरोची मुंगी.

या मुंगीवर फवारा मारणे म्हणजे विस्तव विझवायला सूप घेणे. धोका जाणवला की तिची वसाहत फुटते. अनेक राण्या असतात, त्या कामकऱ्यांचे घोळके घेऊन वेगवेगळ्या फटींत जातात, आणि एका घराची पाच घरे होतात. इंग्लंडातील रुग्णालयांत याच मुंग्यांच्या अंगावर रोगजंतू सापडल्याचे १९७२ साली प्रसिद्ध झाले होते, म्हणजे हा प्रश्न नुसत्या किळसेचा नव्हता. उपाय उलटाच : फवारा बंद, आणि साखरेच्या पाकात अगदी अल्प बोरिक आम्ल घालून ते आमिष वाटेवर ठेवायचे. कामकरी ते घरी नेतात, राणीला भरवतात, आणि काम सावकाश पण मुळापासून होते. एका समंजस परिचारिकाबाईंनी हे मनावर घेतले. बाटल्यांच्या झाकणांत आमिष घालून ती रुग्णांच्या हाताला लागणार नाहीत अशी कपाटांमागे ठेवली. तीन आठवड्यांनी सासूबाई टाके दाखवायला गेल्या, तेव्हा त्या बाई स्वतः होऊन म्हणाल्या, "आता एकही दिसत नाही."

दुसरा अनुभव मोसंबीच्या बागेतला. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची अंबड तालुक्यात बाग आहे. अंबिया बहाराची फळे धरली आणि बुंध्यांवर मुंग्यांची ये-जा सुरू झाली. वडिलांनी सगळ्या बागेत विषारी भुकटी धुरळण्याचे ठरवले. मुलाने आधी मुंग्या मला आणून दाखवल्या. मिशा लांब, गाठ एक, केस पांढुरके : आमची वेडी मुंगी. ही मुंगी झाडाचे काही खात नाही. ती जाते पिठ्या ढेकणाकडे आणि माव्याकडे, कारण झाडाचा रस पिऊन ते किडे गोड चिकटा टाकतात आणि तो तिला लाडवासारखा प्रिय. गवळ्याने म्हशी राखाव्यात तशी ती त्यांना राखते. त्यांना खायला येणाऱ्या ढालकिड्यांना हुसकून लावते. तेव्हा तिचा झाडावरचा रस्ता तोडला की पुरे. बुंध्याभोवती चिकट पट्टा बांधला, जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटल्या, आणि ढालकिड्यांना मोकळे रान मिळाले. भुकटीच्या पिशव्या घरात तशाच राहिल्या.

याच्या उलट चीनमधली गोष्ट. चौथ्या शतकातील मानल्या जाणाऱ्या एका चिनी ग्रंथात लिहिले आहे, की तेथील बाजारात मुंग्यांची घरटी विकत मिळत आणि शेतकरी ती संत्र्याच्या झाडांवर मुद्दाम टांगीत, कारण त्या मुंग्या फळांचे किडे मारून खात. त्या मुंग्या आपल्या ओंबिलीच्या जातकुळीतल्या, पाने शिवून घर करणाऱ्या. एक मुंगी बागेची राखणदार, दुसरी किड्यांची गवळण, आणि आपण दोघींनाही नुसते "मुंगी" म्हणून एकाच भुकटीने मारायला निघतो.

वेडी कोण?

आता त्या वेडेपणाबद्दल. इस्राएलमधील वाइझमन संस्थेत या मुंगीवर बरीच वर्षे प्रयोग चालले आहेत. आपल्याहून कितीतरी मोठा कण वेड्या मुंग्या मिळून वाहून नेतात, हे आपणही पाहिलेले आहे. २०१५ साली तेथील संशोधकांनी दाखवले, की ओझे धरलेल्या बहुतेक मुंग्या एकमेकींच्या ओढीबरोबर ओढतात, म्हणून जोर वाया जात नाही. पण दिशा चुकते. तेवढ्यात घराकडची वाट नुकतीच पाहिलेली एखादी मुंगी येऊन ओझ्याला लागते आणि काही क्षण सगळ्यांना वळवते. तिची माहिती शिळी होते न होते तोच दुसरी येते. म्हणजे ओझ्याभोवती वेडीवाकडी धावणाऱ्या ज्या मुंग्या आपणास रिकामटेकड्या वाटतात, त्यांच्यातूनच पुढची वाटाडी येत असते.

२०२४ च्या अखेरीस तेथीलच आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एक चमत्कारिक आकाराची वस्तू दोन अरुंद दारांतून पलीकडे न्यायची. मुंग्यांना मुंग्यांच्या मापाची, माणसांना माणसांच्या मापाची. एकेकटा माणूस अर्थातच मुंगीहून सरस ठरला. पण माणसांचा गट करून त्यांना बोलण्यास आणि खुणा करण्यास बंदी केली, तेव्हा त्यांचे काम एकेकट्या माणसाहूनही वाईट झाले. मुंग्यांचे उलट : गट जितका मोठा तितके काम चांगले. हे वाचून आमच्या मित्राने महाविद्यालयातील निरनिराळ्या समित्यांची जी आठवण काढली, ती येथे देणे बरे नव्हे.

दिवाळीच्या सुट्टीत घरात मुले असतात आणि फराळाचे कण जमिनीवर सांडतातच. एखाद्या दुपारी झाडू घेण्याआधी पाच मिनिटे थांबा. मुलाच्या हाती भिंग द्या आणि त्याला कंबरेतल्या गाठी मोजू द्या. एक निघाली आणि मिशा लांब असल्या, तर त्याला सांगा की हिचे नाव एका फ्रेंच कैद्याने ठेवले, जालन्याच्या डॉक्टरने ते न कळत दुसऱ्यांदा ठेवले, आणि हिच्या बहिणी मोझांबिकच्या रानात राहतात. दोन निघाल्या, तर फवाऱ्याची बाटली कपाटात ठेवा आणि साखरेचा पाक करायला घ्या.